हुंकाराची परीक्षा

माझे वडील 'हूं' म्हणण्यात पटाईत. कसालच्या अलीकडे हायवेला लागून आमचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे बसायला बाकं, एक काचेचं कपाट आणि भज्यांची कढई. मागच्या बाजूला घर. सकाळपासून तिथे कोणी ना कोणी काही ना काही सांगत असायचं. एसटीचा ड्रायव्हर डेपोतल्या कुरबुरी सांगायचा, ट्रकवाला इन्सुलीच्या नाक्यावर किती ताटकळला ते सांगायचा, आई आतून गॅस संपत आल्याचं सांगायची. वडील कढईवरची नजर न काढता सगळ्यांना 'हूं' म्हणायचे आणि सांगणारा खूश होऊन जायचा. ऐकलेलं त्यांच्या डोक्यात काडीचंही राहत नाही, हे फक्त आम्हा घरच्यांना ठाऊक होतं. गॅस तर आमच्याकडे नेहमी अचानकच संपायचा.

हे आधी सांगायचं कारण असं, की विद्यापीठातली माझी एक अख्खी परीक्षा या 'हूं'वर अडकली होती. आणि परीक्षेपेक्षा मोठंही काहीतरी अडकलं होतं, ते पुढे येईलच.

मी मुंबईला रशियन भाषा आणि तिथलं लोकसाहित्य शिकायला गेले. का गेले, याला लोकांना पटेल असं कारण माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. ती अक्षरं मला दिसायला आवडली होती, एवढंच. शेजारच्या काकी म्हणाल्या, "रशियन शिकान खंय जातलंस गो? रशियाक?" आई म्हणाली, त्यापेक्षा बी.एड. कर, मालवणात नाहीतर कुडाळात चिकटशील. मी वडिलांना विचारलं. ते भजी परतत होते. "हूं," म्हणाले. तो ऐकून म्हटलेला हूं होता की नेहमीचा, हे मी पुन्हा विचारलं नाही. परवानगी मिळाली असं धरून बॅग भरली.

तिथे आम्हाला ज्या बाई भेटल्या, त्यांच्याबद्दल लिहायला बसले की माझी लेखणी जरा जास्तच धावते, पण धावू दे. साठीच्या आसपासचं वय, सुती साडी आणि पायात पळायचे बूट. तरुणपणी त्या रशियात शिकून आल्या होत्या आणि परत आल्यावर तिथल्या खेडोपाडीच्या म्हाताऱ्यांची गाणी, गाऱ्हाणी, समजुती यांतच त्यांनी आयुष्य घातलं. विभागातल्या लहानशा खोलीत विजेची किटली होती. दूध न घातलेला चहा आणि बशीत चमचाभर मुरंबा, हा त्यांचा रशियन शिरस्ता. मी देवगडच्या हापूसचा साखरांबा नेऊन दिला तेव्हा त्यांनी एक चमचा तोंडात धरला, वरून काळ्या चहाचा घोट घेतला, डोळे मिटले आणि त्या दिवशीचा तास पंधराएक मिनिटं उशिरा सुरू झाला.

त्या 'चूक' हा शब्द वापरत नसत. "अजून एकदा," म्हणत. त्यांच्या घशातून जो एक स्वर सहज निघायचा तो आमच्यापैकी कोणालाच जमेना. तेव्हा त्या म्हणाल्या, पाण्याने भरलेला हंडा जमिनीवरून कमरेवर घेताना पोटातून जो आवाज येतो तो काढा. मला पहिल्या झटक्यात जमला. शहरातल्या मुलींना नाही जमला. आयुष्यभर विहिरीवरून पाणी आणल्याचा असा उपयोग होईल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

एकदा त्यांनी रशियन घरातल्या राखणदाराबद्दल सांगितलं. दोमोवोय म्हणतात त्याला. बुटका, केसाळ म्हातारा, सहसा कोणाला न दिसणारा. तो भट्टीच्या मागे नाहीतर उंबरठ्याखाली राहतो. म्हणून तिथले लोक उंबरठ्यावरून एकमेकांना नमस्कार करत नाहीत, वस्तू देत-घेत नाहीत. त्याच्यासाठी भाकरीचा तुकडा ठेवतात, दूध ठेवतात. सांगून झाल्यावर बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे कोण असतो?"

कोणी म्हणालं, आमच्याकडे फ्लॅट आहे. मी भीत भीत सांगितलं, की माझे वडील रोज सकाळी हॉटेल उघडलं की पहिला चहा गिऱ्हाइकाला देत नाहीत. कप घेऊन घरामागच्या परड्यात जातात आणि फणसाच्या मुळाशी एक दगड आहे, त्याच्यापुढे ओततात. लहानपणी मी विचारलं होतं, "बाबा, कोणाक चाय दितास?" तर म्हणाले, "हयसर कोण रवता तेका." जागेची राखण करणारा तो, आमच्याकडे त्याला जागेवाला म्हणतात. नारळ-कोंबडा वर्षातून एकदा सगळेच देतात, पण रोजचा चहा पाजणारे वडील एकटेच असावेत.

बाई खुर्चीत बसल्या. शिकवताना त्या कधी बसत नसत. मग त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. चहा साखरेचा की बिनसाखरेचा? ओतताना बोलतात का? पाऊस असला तरी जातात का? ताप आला तर कोण जातं? तासाची घंटा झाली तरी त्या विचारत होत्या. माझी मान त्या दिवशी उंच झाली. हायवेवरच्या हॉटेलवाल्याची मुलगी म्हणून मी त्या वर्गात अंग चोरून बसायचे, आणि आमच्या परड्यातल्या दगडाने मला पुढच्या बाकावर आणून बसवलं. बाईंनी मला शिकवलेली रशियन भाषा उद्या विसरून गेले तरी ती दुपार मी विसरणार नाही.

परीक्षेची त्यांची पद्धतही जगावेगळी. लोकसाहित्याच्या तोंडी परीक्षेत आम्ही त्यांच्यापुढे काही म्हणायचंच नव्हतं. आपापल्या घरी जायचं, रशियन न येणाऱ्या एका माणसाला तिथलं काहीतरी सांगायचं, आपल्या बोलीत, आणि ते फोनवर ध्वनिमुद्रित करून आणायचं. गुण ऐकणाऱ्याच्या हुंकाराला. "गोष्ट सांगणारा एकटा कधीच सांगत नसतो," त्या म्हणाल्या. "समोरचा हूं म्हणतो तेव्हा ती पुढे सरकते. मला तुमची गोष्ट नको, समोरच्याचा हूं ऐकवा."

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. ज्या मुलीचा बाप उभ्या सिंधुदुर्गात हूं म्हणण्यात पहिला येईल, तिने नापास व्हायचं म्हणजे कमालच.

शिमग्याच्या सुट्टीत घरी आले तर घर ओळखू येईना. हायवेच्या रुंदीकरणाने आमच्या रांगेतली दुकानं एकेक करून गेली होती. समोरचा पत्रा काढलेला, वळचणीपाशी तांबड्या मातीचा ढीग, आणि परड्याच्या मागच्या भिंतीवर लाल रंगाची रेघ. रेघेच्या अलीकडचं सगळं रस्त्यात जायचं होतं, आणि आमचं सगळंच अलीकडे होतं. भरपाईचं केव्हाच मिटलं होतं. वर काजूच्या बागेत नवं घर बांधून तयार होतं. वास्तुशांत झाली, आई भांडीकुंडी घेऊन राहायला गेली. वडील मात्र जुन्या घरातच. दिवसा जेवढे येतील तेवढ्या गिऱ्हाइकांना भजी तळायचे, आणि झोपायलाही तिथेच.

"तुझो बापूस थंयसून हलणा नाय," आई म्हणाली. तिचा आवाज रागाचा होता, पण रागाच्या खाली भीती होती. घर पाडायचं मशीन शिमगा झाला की येणार होतं. पलीकडच्या गावात एक म्हातारा असाच बसून राहिला, तर त्याला पोलिसांनी दंडाला धरून बाहेर आणलं, सगळा गाव बघत होता. "तसा आमच्या दारात होवक नको," ती म्हणाली. तिने समजावलं, मामाने समजावलं, ग्रामपंचायतीतल्या माणसांनी येऊन समजावलं. वडील सगळ्यांना "हूं" म्हणाले आणि शेवटी "बघूया." पालथ्या घड्यावर पाणी. का जायचं नाही, याची मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

मीही विचारलं, मलाही "बघूया" मिळालं. मग म्हटलं, निदान आपली परीक्षा तरी उरकून घेऊ.

सकाळच्या धांदलीत मी फोन कपाटावर ठेवला आणि कढईपाशी उभी राहून दोमोवोयबद्दल सांगायला लागले. वडिलांना समजावं म्हणून मी सगळं आपल्याकडचं करून टाकलं. भट्टीची चूल केली, बर्फाचा पाऊस केला, भूर्जाच्या झाडांचे माड केले. वडिलांनी वाक्यावाक्याला हूं दिला. मध्ये दोन चहा आणि एक प्लेट भजी गेली, तेवढंच. मी समाधानाने ध्वनिमुद्रण बाईंना पाठवून दिलं. मशीनच्या आधी माझं तरी काम झालं.

संध्याकाळी बाईंचा फोन. "हुंकार भरपूर आहेत," त्या म्हणाल्या. मी खूश. "पण हे गोष्टीला नाहीत, गिऱ्हाइकांना आहेत. तू थांबलीस तरी ते हूं म्हणतायत. दोन ठिकाणी तर तुझ्या वाक्याच्या आधीच म्हटलंय."

कधी न पाहिलेल्या माणसाला या बाईंनी नुसत्या आवाजावरून ओळखलं होतं. आईला त्या ओळखीसाठी अर्धा संसार करावा लागला होता. मी फोनपुढेच कान पकडले.

"आणि माड कुठून आले?" बाई म्हणाल्या. "वडिलांना बर्फ कळणार नाही असं तुला का वाटलं? माणसाला परकं ऐकायला आवडतं, तू आधीच चावून भरवलंस. बर्फ बर्फच राहू दे. भट्टी भट्टीच राहू दे. अजून एकदा."

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याच्या कामासाठी वाहतूक पलीकडून वळवली होती. गिऱ्हाईक नव्हतं, कढई थंड होती. वडील बाकावर बसून कांदे निवडत होते. मी फोन ध्वनिमुद्रणाला लावून समोर बसले आणि म्हटलं, बाबा, कालचं खोटं होतं, आज खरं सांगते. त्यांनी मान वर केली, बहुधा खोटं हा शब्द कानात गेला म्हणून.

मी सांगितलं, की तिथे इतका बर्फ पडतो की माणसं भट्टीवर झोपतात.

"चुलीर माणसां निजतत? भाजणत नाय?" कांदा हातातच राहिला.

"चूल न्हय बाबा. मातयेची भट्टी, खोलयेएवढी. आत आग आनि वर बिछानो."

"हूं," वडील म्हणाले. हा हूं मी याआधी ऐकला नव्हता. तो जरा खालून आला आणि जरा उशिरा आला. "मगे?"

मग मी सांगत गेले आणि ते विचारत गेले. भट्टीमागच्या म्हाताऱ्याला काय देतात, तर दूध. रोज? जमेल तसं. "हूं." तो रागावला तर काय करतो, तर भांडी पाडतो, घोड्याच्या आयाळीचा गुंता करतो. "हूं." आणि घर सोडायची वेळ आली, मी म्हटलं, तर नुसतं सामान हलवून भागत नाही. त्याला बोलवावं लागतं. जुन्या भट्टीतले निखारे भांड्यात घेतात आणि त्याला सांगतात, की चल. नाहीतर झाडाच्या सालीची जुनी वहाण ठेवतात, तीत बसून तो येतो. बोलावलं नाही तर तो तिथेच राहतो. रिकाम्या घरात, थंड भट्टीपाशी. जाणाऱ्या-येणाऱ्यांना रात्री त्याचं रडणं ऐकू येतं म्हणतात.

हूं आला नाही.

मी थांबले. रस्त्यावर कुठेतरी दगड उतरवल्याचा आवाज झाला. वडील परड्याकडे, फणसाकडे बघत होते. मला वाटलं त्यांचं लक्ष पुन्हा उडालं.

"तेका कोण बोलवता?" त्यांनी विचारलं.

"घरातलो मोठो माणूस."

"काय म्हणान?"

"आज्या, आमी जातंव, तूय चल आमच्यावांगडा."

"आनि येता तो?"

"येता म्हणतत."

वडिलांनी कांदे बाजूला सारले. "माका वाटला, जागेवालो म्हणजे जाग्याचोच," ते म्हणाले. "तो खंय हलतलो? आमी जातलंव वर, नि ह्येच्यार डांबर. रस्त्याखाली तेका चाय कोण दितलो?"

सगळ्यांनी इतके दिवस त्यांना हट्टी, हेकट, म्हातारचळ लागलेला म्हणून नावं ठेवली. माझा बाप कोणाला तरी एकटं टाकून जायचं नाही म्हणून बसला होता, आणि हे बोलायची त्याला लाज वाटत होती. मला रडू फुटलं. ते बघून वडील एकदम व्यवहारावर आले. "पण चपलेत घालून नेवचा माका बरा दिसणा नाय," म्हणाले. "त्यापरास इंगळे बरे."

ध्वनिमुद्रण मी पाठवलं. बाईंनी उत्तरात लिहिलं, "इथे हुंकार थांबतो. ऐकणारा दोनच कारणांनी गप्प होतो. एक तर झोप लागते, नाहीतर गोष्ट आत पोचते. तुझे वडील जागे होते. गुण दिले. ते नव्या घरी गेले की मात्र लगेच कळव." माझी परीक्षा झाली होती. वडिलांची राहिली होती.

शिमगा उतरल्यावर एका सकाळी वडिलांनी हॉटेलात शेवटचा चहा केला. आई वर नव्या घरी आमची वाट बघत होती, टेम्पोत बाकं आणि कपाट आधीच गेलं होतं. त्यांनी कप घेतला, परड्यात गेले, दगडापुढे ओतला. मग न्हाणीच्या चुलीतले निखारे घमेल्यात राखेवर काढले, ते फणसाखाली ठेवलं, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि हात जोडले.

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालायचं तर एक माणूस बोलतो आणि बाकीचे दर वाक्याला साथ देतात. साथ नसेल तर ते गाऱ्हाणं पोचत नाही. एरवी वाडीतले, शेजारच्या दुकानांतले दहा-बारा पुरुष तरी उभे असायचे. आज रांगेत कोणी उरलंच नव्हतं.

"बा जागेवाल्या म्हाराजा," वडिलांनी सुरुवात केली. "इतकी वर्सां तुझ्या जाग्यार रवलंव. तुझ्या राखणीत पोटाक खाल्लंव."

आणि ते थांबले. साथीसाठी थांबले, सवयीने. मागे कोणी नव्हतं, एक मी होते. बायका साथ देत नाहीत, निदान मी कधी ऐकली नव्हती. वडिलांनी मान वळवली नाही, पण पुढेही बोलेनात. आतापर्यंत ते बोलले तेवढं तिथेच अडकून राहिलं होतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. तो पोटातून आला होता, हंडा उचलताना येतो तसा.

वडिलांचे खांदे सैल झाले. "आता हयसून रस्तो जाता."

"व्हय म्हाराजा."

"आमी वायच वर जातंव. तूय आमच्यावांगडा चल. आमका तुझ्याशिवाय सवय नाय."

"व्हय म्हाराजा."

"काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल, आनि थंयसरय असोच रव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मी फोन काढलाच नव्हता. त्या गाऱ्हाण्याचं ध्वनिमुद्रण नाही, आणि मला त्याची हळहळही नाही.

वडिलांनी घमेलं उचललं आणि चालायला लागले. पाऊलवाटेने काजूतून वर जाईपर्यंत त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. नव्या घराच्या परड्यात, एका काजूच्या मुळाशी, त्यांनी तीन चिरे मांडले आणि त्यांच्या मधोमध निखारे ओतले. आईने न सांगता काटक्या आणि टोप आणून दिला. गॅसची नवी शेगडी आत होती, पण तिचं नाव तिने काढलं नाही. चहा उकळला. पहिला कप वडिलांनी काजूच्या मुळाशी ओतला, दुसरा स्वतः घेतला, आणि नव्या पडवीत भिंतीला टेकून बसले.

आई त्यांच्याशेजारी बसून बोलायला लागली. नळाला पाणी कधी येतं, पलीकडच्या बागेत गवे कसे शिरले, गॅस बहुतेक संपत आलाय.

"हूं," वडील म्हणाले. "हूं."

मी बाईंना फोन लावायला उठले, तर वडिलांनी डोळे न उघडताच मला हाक मारली.

"तुझ्या बाईंक सांग," ते म्हणाले, "बोलवल्यार येता म्हणान."

मग ते तिथेच आडवे झाले आणि भरदुपारी, नव्या घरात पहिल्यांदाच, त्यांना गाढ झोप लागली.